हप्त्यांचा हिशेब महिन्याचा नको, बारा महिन्यांचा हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपतीच्या आठ-दहा दिवस आधीपासून थेट भाऊबिजेपर्यंत आपल्यासह सगळ्याच दैनिकांची पहिली पाने 'दरमहा फक्त' या दोन शब्दांनी भरलेली असतात. फ्रीज दरमहा फक्त इतका, फोन दरमहा फक्त तितका, वाघोलीचा टू-बीएचके दरमहा फक्त अमुक. त्या 'फक्त'मध्ये काय बसत नाही, याचा हिशेब मात्र आतल्या पानांतही सापडत नाही. म्हणून हे पत्र. थोडे लांब आहे, पण आकडे दिल्याशिवाय या विषयावर बोलण्यात अर्थ नाही.

हप्ते थकलेल्या घराचा कागद पाहिला की बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसते. हप्ता बुडतो तो महिन्याच्या खर्चामुळे नव्हे, तर वर्षातून एकदा येणाऱ्या आणि महिन्याच्या वहीत कधीच न लिहिलेल्या खर्चामुळे. कर्ज देणारेही पगार आणि हप्ता यांचाच भागाकार करतात. जूनमधली वह्या-पुस्तके त्यांच्या तक्त्यात नसतात.

पुण्याच्या धायरी किंवा वारजे भागातले एक चौकोनी कुटुंब उदाहरणापुरते घेऊ. हातात पडणारा पगार ६८,००० रुपये. घरासाठी ३० लाखांचे कर्ज, ८.५ टक्के, २० वर्षे, हप्ता २६,०३५. दुचाकीचा हप्ता ३,६००. लग्नकार्यासाठी काढलेले दोन लाखांचे वैयक्तिक कर्ज, १४ टक्के, तीन वर्षे, हप्ता ६,८३६. क्रेडिट कार्डावर ५०,००० थकलेले, त्याची किमान रक्कम २,५००. एकूण ३८,९७१, म्हणजे पगाराच्या ५७ टक्के. उरले २९,०२९.

आता घरखर्च. मेंटेनन्स २,५००, लाइट बिल १,५००, गॅस आणि वाणसामान ९,०००, दूध-भाजी ६,५००, शाळेची फी आणि व्हॅन ६,०००, पेट्रोल ३,५००, मोबाइल-इंटरनेट १,२००. बेरीज ३०,२००. तूट १,१७१ रुपये. एवढीशी तूट कुणालाच भिववत नाही. 'हॉटेलात एकदा कमी जाऊ' म्हणून वही मिटते.

पण महापालिकेचा मिळकतकर ९,०००, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग ५,०००, आरोग्य विमा २०,०००, आयुर्विमा १४,०००, जूनमधला शाळेचा खर्च १२,०००, गणपती आणि दिवाळी १८,००० हे वहीत आलेच नाही. त्याची बेरीज ७८,०००, बाराने भागली तर ६,५०० दरमहा. म्हणजे खरी तूट ७,६७१ रुपये, वर्षाला ९२,०००. दिवाळीचा बोनस ४०,००० मिळाला तरी ५२,००० कमीच पडतात. कार्डावर थकलेले पन्नास हजार कुठून आले, हे इथे आपोआप कळते. ते कुणाच्या उधळपट्टीने आलेले नाहीत. ते मिळकतकराचे, विम्याचे आणि शाळेच्या बुटांचे पैसे आहेत.

म्हणून पहिले काम वहीचे. एका कागदावर बारा रकाने आखावेत, एप्रिल ते मार्च. प्रत्येक रकान्यात त्या महिन्यात येणारा वार्षिक खर्च लिहावा. विम्याच्या तारखा पॉलिसीवरून घ्याव्यात, आठवणीवर सोडू नयेत. बेरीज बाराने भागून तेवढ्या रकमेचे आवर्ती खाते म्हणजे आरडी उघडावी आणि तिला हप्त्याइतकाच मान द्यावा. आरडी मोडायची ती फक्त त्या कागदावरच्या नोंदीसाठी. यात मिळकतकराला प्राधान्य द्यावे. मुदतीत भरला तर सर्वसाधारण करात ५ ते १० टक्के सवलत मिळते, उशीर झाला तर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे वर्षाला २४ टक्के. गृहकर्जाच्या जवळजवळ तिप्पट दराचे हे कर्ज आहे, फक्त त्याला कोणी कर्ज म्हणत नाही. स्वतः राहत असलेल्या घराची ४० टक्के सवलत आपल्या बिलात लागली आहे का, तेही याच वेळी पाहावे. नसेल तर पीटी-३ अर्ज भरावा लागतो. सोसायटीच्या थकबाकीवरही आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे, वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावता येते. 'मेंटेनन्स काय, पुढच्या महिन्यात देऊ' हे वाक्य त्यामुळे वाटते तितके स्वस्त नाही.

दुसरा घोळ तारखांचा. भोसरी-चाकणच्या अनेक कारखान्यांत पगार सात तारखेच्या आसपास होतो आणि कर्ज देणारी संस्था आपल्या सोयीने दोन किंवा पाच तारीख ठेवते. पैसे आहेत, पण दोन दिवस उशिरा आहेत, एवढ्यावर हप्ता परत जातो. परत गेला की खाते असलेली बँक एक दंड घेते आणि कर्ज देणारी संस्था दुसरा. दोन्ही मिळून पाचशेपासून हजार-बाराशेपर्यंत जातात. काही संस्था त्याच महिन्यात हप्त्याची मागणी पुन्हा पाठवतात. खाते तेव्हाही रिकामे असेल तर दंड पुन्हा. शिवाय १ ऑगस्ट २०२१ पासून खात्यातून हप्ता आपोआप वळता करणारी 'नाच' (एनएसीएच) प्रणाली रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही चालते. 'पाच तारखेला रविवार आहे, सोमवारी पैसे टाकू' हे गणित तेव्हापासून चालत नाही. पैसे आदल्या संध्याकाळी खात्यात हवेत, कारण वजावट बहुधा सकाळीच होते.

तारीख बदलून मिळते. बहुतेक संस्था एखाददुसऱ्या वेळी लेखी अर्जावर बदलतात. पण नवे मॅन्डेट, म्हणजे खात्यातून हप्ता वळता करण्याची लेखी परवानगी, नोंदले जायला दोन-चार आठवडे लागू शकतात आणि तोवर जुन्याच तारखेला हप्ता मागितला जातो. नवे नोंदल्याचा संदेश आल्याशिवाय जुने रद्द करू नये. इथे फसणारे बरेच जण असतात. तारीख बदलल्यावर मधल्या दिवसांचे जादा व्याज एकदाच लागते, ते निमूट द्यावे.

यापेक्षा सोपा उपाय म्हणजे हप्त्यांसाठी वेगळे खाते. त्याचे एटीएम कार्ड पाकिटात ठेवू नये आणि ते फोनवरच्या यूपीआयलाही जोडू नये. पगार झाला की दुसऱ्या दिवशी हप्त्यांची एकूण रक्कम तिकडे जाईल अशी स्थायी सूचना बँकेला द्यावी. त्या खात्यात किमान शिल्लक सोडून एका गृहकर्ज हप्त्याएवढी गंगाजळी कायम असावी. ती एकदम उभी राहत नाही, सहा-आठ महिने लागतात. दुधाचे आणि कामवाल्या मावशींचे खाडे ज्या कॅलेंडरवर लिहितो, त्याच कॅलेंडरवर हप्त्याच्या दोन दिवस आधीच्या चौकटीत लाल पेनाने रक्कम लिहिली तर मोबाइलवरच्या आठवणीपेक्षा ती घरातल्या सगळ्यांना दिसते.

आता कर्जे फेडण्याचा क्रम. कार्ड सर्वांत आधी, यावर दुमत नसावे. कार्डाचे व्याज साधारण दरमहा ३.५ टक्के असते, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ५०,००० वर महिन्याला १,७५० अधिक ३१५, एकूण २,०६५ रुपये. किमान रक्कम भरली २,५००, तर मुद्दल उतरले ४३५ रुपये. आणि ज्या महिन्यात पूर्ण बिल भरले नाही, त्या महिन्यापासून नव्या खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदतही जाते. किराणा त्याच कार्डावर घेतला तर तांदळावरही पहिल्या दिवसापासून व्याज. म्हणून थकबाकी पूर्ण फिटेपर्यंत ते कार्ड बाहेर काढू नये. 'किमान देय रक्कम' हे कर्ज फेडण्याचे प्रमाण नव्हे. विलंब शुल्क टाळण्याची ती तजवीज आहे.

घरात मुदत ठेव असेल आणि कार्डावर थकबाकी असेल, तर सात टक्क्यांची ठेव सांभाळत बेचाळीस टक्क्यांचे व्याज भरणे चालले आहे. ठेव मोडावी. अर्धा-एक टक्का दंड लागला तरी मोडावी. पुढची सोय सोनेतारणाची. आपल्याकडे सोने गहाण ठेवण्याला अजून कमीपणा मानतात आणि त्याच घरात चार कार्डे बिनदिक्कत फिरतात, हे आम्हाला न समजलेले कोडे आहे. सोनेतारणाचा दर ९.५ टक्के धरला तर ५०,००० चा दोन वर्षांचा हप्ता २,२९६ येतो. कार्डाच्या किमान रकमेपेक्षा कमी, आणि दोन वर्षांत कर्ज संपते. दोन वर्षांचे एकूण व्याज सुमारे ५,१०० रुपये. कार्डावर तेवढे पैसे पहिल्या अडीच महिन्यांत जातात.

मात्र सोनेतारणातही एक खड्डा आहे. दागिन्याच्या किमतीच्या ७५ ते ८५ टक्के कर्ज मिळते, पण घडणावळ आणि खडे त्या किमतीत धरत नाहीत. त्याबद्दल तक्रार नाही. खड्डा आहे तो 'मुदतीअखेर एकदम' या प्रकारात. वर्षभर काहीच भरायचे नसते, म्हणून तो सोयीचा वाटतो. बाराव्या महिन्यात मुद्दल आणि व्याज एकत्र समोर येते, पैसे नसतात, मग तेच कर्ज नव्याने काढले जाते आणि व्याज मुद्दलात मुरते. दोन-तीन फेऱ्यांनंतर लिलावाची नोटीस. दरमहा हप्त्याचे सोनेतारण मागावे. ते नसेल तर निदान दरमहा व्याज भरण्याची सोय घ्यावी.

कार्डानंतर काय फेडावे, यावर मतभेद आहेत. पुस्तकी उत्तर असे की जास्त दराचे कर्ज आधी. महिन्याची तोंडमिळवणी होत असेल तर ते बरोबर आहे. पण दरमहा तूट असलेल्या घरात आमचा कल वेगळा आहे. तिथे हप्त्याला शिल्लक मुद्दलाने भागावे आणि ज्याचा आकडा मोठा येईल ते कर्ज आधी संपवावे. वरच्या उदाहरणातल्या वैयक्तिक कर्जाचे दहा हप्ते राहिले असतील तर शिल्लक मुद्दल सुमारे ६४,००० असते. ते एकदा भरले की दरमहा ६,८३६ मोकळे होतात. हेच ६४,००० गृहकर्जात भरले तर मुदत कमी होईल, पण पुढच्या महिन्यात हातात एक रुपयाही जास्त येणार नाही. तूट असलेल्या घराला आज हवा असतो तो हप्त्यातला मोकळा श्वास. वीस वर्षांनंतरची बचत नंतर पाहता येते.

त्याच कुटुंबाचा कागद पुन्हा मांडू. ८०,००० चे सोनेतारण, दोन वर्षे, हप्ता ३,६७३. त्यातून कार्डाचे ५०,००० मिटवले. उरलेले ३०,००० आणि बोनसचे ४०,००० मिळून वैयक्तिक कर्ज मुदतपूर्व फेडण्याच्या शुल्कासह बंद केले, दोन-तीन हजार हप्त्याच्या खात्यात राहिले. गृहकर्जाचा दर साडेआठचा साडेसात करून घेतला, कर्ज नुकतेच सुरू झाले आहे असे धरले तर हप्ता २४,१६८. आता एकूण हप्ते ३१,४४१. पूर्वीपेक्षा ७,५३० कमी. वार्षिक खर्चाची आरडी धरूनही तूट ७,६७१ वरून १४१ रुपयांवर आली. दूध अर्धा लिटर कमी न करता. आणि पुढच्या दिवाळीचा बोनस गंगाजळीला मोकळा राहिला.

गृहकर्जाचा दर 'करून घेतला' असे म्हटले, कारण तो आपोआप नेहमीच होत नाही. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जे बाह्य मानदंडाला, म्हणजे बँकेबाहेर ठरणाऱ्या दराला, बहुतेक ठिकाणी रेपोला (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर), जोडलेली आहेत आणि दर तीन महिन्यांतून एकदा तरी त्यांचा दर नव्याने ठरला पाहिजे. रेपो फेब्रुवारी २०२५ आधी ६.५० होता, डिसेंबर २०२५ मध्ये तो ५.२५ वर आला. पण गृहवित्त कंपन्यांना ही जोडणी सक्तीची नाही, त्या स्वतःच्या मूळ दरावर चालतात आणि तो खाली यायला वेळ घेतात. २०१९ पूर्वीचे कर्ज असेल तर ते अजून जुन्या पद्धतीवरच असू शकते. म्हणून वर्षातून एकदा आपला दर आणि तीच संस्था आज नव्या ग्राहकाला देत असलेला दर शेजारी शेजारी ठेवावा. फरक असेल तर दर बदलून देण्याचा अर्ज करावा. थोडे शुल्क लागते, पण ते सहसा काही महिन्यांत वसूल होते. संस्था दाद देत नसेल तरच कर्ज दुसरीकडे न्यावे. त्यात प्रक्रिया शुल्क, मूल्यांकन, वकील, मुद्रांक आणि नोटीस ऑफ इंटिमेशनचा, म्हणजे गहाणाच्या सरकारी नोंदीचा, खर्च पुन्हा येतो. अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी फरकासाठी किंवा चार-पाच वर्षेच राहिली असताना ही यातायात करू नये.

दर बदलला की बँका हप्ता तसाच ठेवून मुदत हलवतात. दर उतरताना हे फायद्याचे आहे. दर चढताना घातक. २०२१ मध्ये ६.९ टक्क्यांनी ३० लाख घेतलेल्याचा हप्ता २३,०७९ होता. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो अडीच टक्क्यांनी वाढला, दर ९.४ झाला. तेव्हा शिल्लक २८ लाख ७० हजार धरली तर महिन्याचे व्याजच २२,४८२ होते. हप्त्यातले जेमतेम सहाशे रुपये मुद्दलाला. हप्ता तोच ठेवला तर कर्ज फिटायला ३९ वर्षे. अशा कर्जदारांचे शेवटच्या हप्त्याचे साल निवृत्तीच्या कितीतरी पुढे गेले आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने आता बंधन घातले आहे की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, हे कर्जदाराला विचारले पाहिजे आणि दर तिमाहीला उरलेले हप्ते, व्याज, मुद्दल यांचे विवरण दिले पाहिजे. ते विवरण उघडून उरलेल्या हप्त्यांचा आकडा पाहावा. बाकी काही नाही पाहिले तरी चालेल.

महिन्याची तोंडमिळवणी झाली, गंगाजळी उभी राहिली, मगच गृहकर्जात जादा भरणा. पण तो लवकरच्या वर्षांत करावा. ३० लाखांच्या वरच्याच कर्जात, साडेआठ टक्क्यांनी, पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले २१,२५० व्याज आणि फक्त ४,७८५ मुद्दल असते. पहिल्या वर्षाअखेर एक लाख जादा भरले तर शेवटचे सुमारे १८ हप्ते, म्हणजे साडेचार लाखांहून अधिक रक्कम, वाचते. दरवर्षी एक हप्ता जादा भरत गेले तर वीस वर्षांचे कर्ज साडेसोळा वर्षांच्या आसपास संपते. भरताना 'हप्ता तोच, मुदत कमी' असे लेखी मागावे. काही ठिकाणी ऑनलाइन भरणा केला की हप्ताच कमी होतो आणि मोठा फायदा निसटतो. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचे शुल्क घेता येत नाही. कुणी मागितले तर देऊ नये. 'कर वाचतो म्हणून कर्ज राहू द्या' हा सल्लाही आता जुना झाला. नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची वजावट नाही.

मोशी, वाघोली, रावेत अशा भागांत बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. ताबा मिळेपर्यंत जो 'प्री-ईएमआय' भरला जातो, ते निव्वळ व्याज असते. १५ लाख उचलले गेले असतील तर साडेआठ टक्क्यांनी महिन्याला १०,६२५, आणि मुद्दल जागच्या जागी. वर सध्याच्या घराचे भाडे चालूच. ताबा सहा महिने लांबला तर भाड्यासह हे दोन्ही सोसेल का, याचा हिशेब बुकिंगच्या आधी व्हायला हवा. सँपल फ्लॅट पाहताना तो कुणाला सुचत नाही.

रोज कमावणाऱ्यांचे गणित निराळे. मार्केट यार्डातला हमाल, मंडईतला भाजीवाला, रिक्षावाला यांना महिन्याचा हप्ता महिनाअखेरीस जमवणे जड जाते. ६,००० चा हप्ता २६ कामाच्या दिवसांत भागला तर रोजचे २३१ रुपये. पतसंस्थेच्या पिग्मी एजंटाकडे रोज तेवढे टाकून महिन्याला ते कर्जखात्यात वळते करून घेणे ही जुनी पद्धत अजूनही चांगली आहे. पावतीपुस्तकावर रोजची सही मात्र हवी. पतसंस्थेचे कर्ज घेताना आणि दुसऱ्यासाठी जामीन राहताना हेही समजून घ्यावे की थकबाकीत सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळतो आणि तो जामीनदारावरही चालतो. भिशी लवकर उचलली की तीही कर्जच असते. तिचे उरलेले हप्ते वहीत कर्जाच्या बाजूला लिहावेत.

तरीही एखादा महिना निभणार नाही असे दिसले तर तारखेच्या आधी शाखेत जाऊन लेखी कळवावे. मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची बोलणी खाते नियमित असताना सोपी असतात, थकल्यावर नाही. थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की खाते अनुत्पादक, म्हणजे एनपीए, होते. हे वर्गीकरण कर्जदाराचे होते, एका कर्जाचे नव्हे. दुचाकीचे कर्ज थकले तर त्याच बँकेतले नियमित चाललेले गृहकर्जही अनुत्पादक धरले जाते. एकदा तसे झाले की एखादा हप्ता भरून सुटका नाही, सगळी थकबाकी भरावी लागते. गृहकर्जात त्यानंतर सरफेसी कायद्याची, म्हणजे थकलेल्या कर्जाचे तारण बँकेला ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याची, ६० दिवसांची मागणी नोटीस येते. ती आल्यावर गप्प बसू नये, लेखी म्हणणे द्यावे. त्याला १५ दिवसांत उत्तर देणे बँकेला बंधनकारक आहे.

दंडाच्या बाबतीत १ एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या कर्जांना नियम असा की दंड शुल्क म्हणून घेता येतो, व्याजदरात मिळवता येत नाही आणि त्यावर व्याज चढवता येत नाही. जुनी कर्जेही ३० जून २०२४ पर्यंत या नियमाखाली आणायची होती. कर्जखात्याच्या उताऱ्यात 'पीनल इंटरेस्ट' (दंडव्याज) असा शब्द दिसला तर विचारणा करावी. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत, नातेवाइकांना किंवा कचेरीतल्या सहकाऱ्यांना फोन करून लाज काढता येत नाही. आधी संस्थेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पतसंस्था मात्र या लोकपालाच्या कक्षेत येत नाहीत, त्यांची दाद सहकार खात्याकडे, आणि सहकार आयुक्तालय पुण्यातच आहे.

'सेटलमेंट' करून कमी रकमेत कर्ज मिटवायची वेळ आली तर पतअहवालात 'पूर्ण फेड' ऐवजी 'सेटल्ड' असा शेरा येतो आणि तो वर्षानुवर्षे आडवा येतो. म्हणून तो शेवटचाच मार्ग. देशातल्या चारही पतमाहिती कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. फेडलेली कर्जे त्यात बंद दिसतात का, एवढे तरी तपासावे. आणि गृहकर्ज पुरते फिटले की ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत मिळाली पाहिजेत. १ डिसेंबर २०२३ पासून, उशीर संस्थेच्या चुकीने झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. शाखेत 'कागद मुंबईच्या गोदामात आहेत' हे उत्तर मिळाल्यास या नियमाचा उल्लेख करावा, कागद लवकर येतात.

शेवटी पुन्हा त्या 'दरमहा फक्त'कडे. ३०,००० चा फोन, बिनव्याजी सहा हप्ते, प्रत्येकी ५,०००. तोच फोन रोखीने २८,००० ला मिळत असेल तर आपण २८,००० उसने घेऊन सहा महिन्यांत ३०,००० फेडतो. दर निघतो वर्षाला सुमारे २४ टक्के, प्रक्रिया शुल्क वेगळे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच सांगितले होते की शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वात नसते. तसेच 'दहा टक्के फ्लॅट', म्हणजे मुद्दल उतरत गेले तरी व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच. एक लाख, तीन वर्षे, हप्ता ३,६११, खरा दर जवळजवळ १८ टक्के. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जासोबत मुख्य तथ्य पत्रक देणे आणि त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक टक्केवारी, म्हणजे एपीआर, छापणे बंधनकारक आहे. सही करण्याआधी ग्राहकाने ते पत्रक मागावे, त्यातला हाच एक आकडा पाहावा. हप्त्याच्या जाहिराती घेताना हीच टक्केवारी 'दरमहा फक्त'च्या शेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरांत, छापण्याचा आग्रह आपल्या जाहिरात विभागाने येत्या गणपतीपासून धरावा, अशी विनंती आहे.

आपले,
बँकांच्या कर्ज विभागांत काम केलेले काही निवृत्त वाचक
कोथरूड, पुणे